शिंग मोडलेली म्हैस

शोभाबाईंच्या दारातली म्हैस मी लगेच ओळखली. डावं शिंग मोडकं, कपाळावर पांढरा ठिपका. थोड्या वेळापूर्वी हीच म्हैस शेजारच्या भिकाजीमामांच्या गोठ्यात होती आणि तिथेही आम्ही ती मोजली होती. मी अर्चनाकडे पाहिलं. ती ओठ दाबून हसू आवरत होती.

जानेफळजवळच्या एका गावात आमचा उपजीविकेचा सर्व्हे चालला होता. म्हणजे घर कशावर चालतं ते विचारायचं. शेत किती, ओलिताचं किती, जनावरं कोणती, बाहेर कोण कमावतं. मी सुपरवायझर. अर्चना डोणगावची, टॅबवर उत्तरं भरणारी. आणि गाव तर फारच सुखी निघालं होतं. ज्याच्या त्याच्या शेतात विहीर, विहिरीला बारमाही पाणी. ऑफिसातून साहेबांचा फोन आला, "मॅडम, सर्व्हे बुलढाणा जिल्ह्यातच करताय ना?" माझं डोकंच फिरलं. खोट्या उत्तरांवर उद्या गावासाठी योजना आखणार, म्हणजे कप्पाळ!

लोक घाबरून खोटं बोलतात, असा माझा अनुभव. म्हणून शोभाबाईंना मी नेहमीचं वाक्य ऐकवलं. तुमची माहिती गुप्त राहील, बाहेर कोणालाही कळणार नाही. त्यांचा चेहराच पडला.

"काऊन बरं? सांगा ना लोकाइले. त्याच्यासाठीच तर आल्या तुमी."

"कोणाला सांगू?"

"पोरीवाल्याइले."

आता उजेड पडला. अनोळखी बाई गाडीतून उतरते. शेत किती, घर पक्कं आहे का, मुलगा काय करतो, विचारते. असं आमच्या भागात दुसरं कोण विचारतं? घरोघरी पोहे येत होते तेव्हाच मला कळायला हवं होतं. शोभाबाईंचा गजानन चांगला कामसू मुलगा, पण शेतकरी नवरा नको म्हणून स्थळं परत जात होती. या वेळी स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, असं गल्लीनं ठरवलं होतं. कोणी गजाननसाठी, कोणी स्वतःच्या मुलासाठी, तर कोणी नुसतं गावाची अब्रू म्हणून विहिरी खोदत होतं.

एवढ्यात गजानन बकऱ्यांचा पाला घेऊन आला. दारातली म्हैस पाहून त्यानं भारा खाली टाकला.

"आई, बस झालं. मॅडम, म्हैस मामाची हाय. वावर कोरडवाहू हाय. घर बकऱ्याइवर चालते, त्या मी पाळतो. आई आजारी होती तवा भाकरीबी मीच केल्या. तेबी लिहा."

"भाकरीला रकाना नाही," अर्चना म्हणाली. "पण शेऱ्यात लिहिते."

शोभाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "गेलं बाई, हेबी स्थळ गेलं."

मला फार वाईट वाटलं. पण काम काम आहे. मी अख्ख्या गल्लीत सांगत फिरले की मला एकच मुलगा, तोही शाळेत, मी कोणाचं स्थळ घेऊन आलेले नाही. लोक पोट धरून हसले आणि सगळे फॉर्म नव्यानं भरून दिले. विहिरी आटल्या. भिकाजीमामा तेवढे कुरकुरले. दारोदारची पेंड खाऊन म्हैस आता घरच्या कडब्याला तोंड लावत नव्हती.

सर्व्हेनंतर रीचेक असतो, म्हणजे काही घरी जाऊन तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. शोभाबाईंकडे मला पाठवा, अर्चना म्हणाली. मी म्हटलं, ज्यानं फॉर्म भरला त्यानं रीचेक करायचा नाही, नियम आहे. आणि काम संपेपर्यंत त्या घराचं नावही काढायचं नाही. तिनं काढलं नाही. काम संपलं आणि मग तिनं वडिलांना गजाननचं नाव सांगितलं. वडील आले, शेत किती, जनावरं कोणती, सगळं विचारलं. शोभाबाईंनी या वेळी बकऱ्याच सांगितल्या.

लग्नात मी पोटभर जेवले आणि मनापासून खूश झाले. शोभाबाई माझा हात धरून पाहुण्यांना सांगत होत्या, "ह्या त्या मॅडम. ह्याइनं आमची म्हैस मोजू देली नाही."

आता ट्रेनिंगमध्ये मी नव्या पोरांना सांगते. दारात गेल्यावर आधी नाव सांगा, मग काम सांगा, मग आपल्याकडे लग्नाचं कोणी नाही तेही सांगा. तरीही पोहे आले तर खा, पण उत्तरं पुन्हा विचारा.