शोभाताईच्या लग्नाच्या शेवटी आई

माझ्या आईचं लग्न माझ्या वडिलांनी स्वतःच्या हाताने पुसून टाकलं होतं.

म्हणजे कॅसेट हो. लग्न शेवटपर्यंत टिकलं.

आज आईला जाऊन वर्ष झालं. सकाळी वर्षश्राद्ध झालं, पाहुणे जेवून गेले, आणि मी हे लिहायला बसलेय. मागच्या आठवड्यात एक व्हिडिओ आला. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये.

दादा, म्हणजे आमचे वडील, भोकरदनमध्ये लग्नाचं शूटिंग करायचे.

तेव्हा व्हिडिओ कॅसेट दोन प्रकारच्या असायच्या. छोटी बीटा आणि मोठी व्हीएचएस. एकीची कॅसेट दुसरीच्या मशीनमध्ये जायची नाही. दादांनी बीटाचा कॅमेरा घेतला, कारण "चित्र बिलकुल साफ येतं."

साफच यायचं. पण गावोगाव भाड्याने मिळणारे व्हीसीआर सगळे व्हीएचएस.

गिऱ्हाईक तोंडावर म्हणायचं, "साफ हाये हो दादा, पण लावायची कशात?"

दादा तिथून निघायचे. मग घरी येऊन आमच्यावर चिडायचे.

हळूहळू ऑर्डरी तुटल्या. जालन्याच्या व्हिडिओ लायब्ररीतून बीटा गायब झाली. मग कोऱ्या कॅसेटही मिळेनात.

अशात अंबडकडच्या एका गावातलं शोभाताईचं लग्न आलं. दादांनी शब्द दिलेला. जालना, औरंगाबाद पालथं घालून ते रिकाम्या हाताने परत आले.

आईने कपाट उघडलं आणि एक कॅसेट काढून पुढे ठेवली. त्यांच्या स्वतःच्या लग्नाची. दादांच्याच कॅमेऱ्याने एका मित्राने शूट केलेली.

"ही घ्या. हिच्यावर करा."

"अगं, आपलं लग्न हाये ते."

"आपलं झालं ना? त्या पोरीचं उद्या हाये."

संपला विषय.

मी मोठी झाले आणि हे कळलं, तेव्हा दादांशी कडाकडा भांडले. आईचे त्या वयातले दोन-चार फोटो आहेत, सगळ्यांत ती शाळेच्या ग्रुप फोटोसारखी ताठ उभी. ती चालायची कशी, हसायची कशी, काहीच नाही. लोकांची लग्नं जपली आणि आमची आई पुसली, असं मी त्यांना तोंडावर म्हणायचे.

त्यात दादांची फुशारकी.

"तुझी माय पाठवणीत काय रडली म्हणून सांगू! जीप थांबवावी लागली."

आई खाली मान घालून भाजी निवडत म्हणायची, "रडले बाई. लई रडले."

आणि काका गालातल्या गालात हसायचे. का, ते कधी कळलं नाही.

शोभाताईचं लग्न ही दादांची जवळपास शेवटची ऑर्डर. "मशीन घेऊन येतो आन् दाखवतो," म्हणून कॅसेट तिच्या घरी देऊन आले. त्याआधीच मशीन बिघडली. पार्ट कुठे मिळेना. दादा पासपोर्ट फोटो काढत बसले आणि कॅमेरा माळ्यावर गेला.

शोभाताईने मात्र ती कॅसेट न बघताच जपून ठेवली होती.

तिच्या मुलाने आता पुण्यात कोणाकडून तरी ती कॉपी करून घेतली आणि मला पाठवली.

"ताई, मम्मीच्या लग्नाच्या शेवटी दुसऱ्याच कोणाचं तरी लग्न येऊन राह्यलंय. तुमच्या घरचं हाये का?"

मी दादांना शेजारी बसवलं आणि मोबाईल टीव्हीला जोडला.

शोभाताईची हळद. अक्षता. पंगत. मग पडद्यावर एकदम मुंग्या.

"इथं बॅटरी गेल्ती," दादा म्हणाले. "पाठवणी राह्यली तिची. पुढचं पुसलंच न्हाई."

आणि मग आई आली.

हिरवा शालू. माझ्यापेक्षा कितीतरी लहान. जीपकडे चालत होती. वळताना पदर दातात धरत होती, अगदी शेवटपर्यंत धरायची तसाच.

आई.

डोळे कोरडे होते तिचे.

रडत होते ते दादा. नवरदेव! मुंडावळ्या बाजूला सारून, हमसून हमसून. माझी आजी, म्हणजे आईची आई, त्यांच्या गालावरून हात फिरवत होती. दादांची आई ते लहान असतानाच गेलेली. असा हात त्यांना बहुतेक कोणी लावलाच नव्हता.

लोक हसायला लागले. कॅमेरा दादांच्या अजून जवळ गेला.

आणि आईने, त्या नव्या नवरीने, चारचौघांत पदर पसरून त्यांच्या तोंडापुढे धरला.

पडदाभर हिरवं. कॅसेट तिथेच संपते.



"भाऊ लोकं तेवढंच पुन्हा पुन्हा लावायचे," दादा म्हणाले. "लई हसायचे मला. त्या दिशी घरात पिक्चरच्या कॅसेटी बी होत्या पुसायला. तिनं बराबर हीच काढली."

"मग आम्हाला उलटं का सांगत होतात?"

"आधी मजाक म्हणून म्हणलो. ती हो म्हणली. मंग तसंच चाललं." मग म्हणाले, "एकदा बी तोंडातून काढलं न्हाई तिनं."

आई, हा व्हिडिओ एक वर्ष आधी आला असता तर गं. तुम्हा दोघांना शेजारी बसवून लावला असता.

आज पानं वाढून झाली आणि दादा उठून उभे राहिले. सगळ्या भावकीसमोर. कधी चार शब्द न बोलणारा माणूस.

"ती रडली नव्हती," म्हणाले. "पाठवणीत मी रडलो होतो."

आणि तिथेच रडायला लागले. सगळ्यांच्या देखत, त्या कॅसेटमधल्यासारखे.

आज मात्र पदर आडवा धरायला कोणी नव्हतं.

मी ओढणी घेऊन धावले, आई. पण तुझ्यासारखं जमलं नाही.

दादांकडे मी बघते. तू आता निवांत राहा.

तुझ्या पाया पडते.