बारा मैलांपुढचा कायदेपंडित

आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि भर समुद्रातून सरकारी पहाऱ्यात परत आणला गेलेला पहिला माणूसही मीच.

बाबांनी नागपुरात सूतगिरणीत राबून मला इंजिनिअर केलं. पहिल्यांदाच आईला घेऊन माझ्याकडे अमेरिकेत, हर्नडनला आले, तर न्यूयॉर्क नको, धबधबा नको. मागणं एकच. "चारही बाजूनं नुस्तं पाणी पाहाचं आहे मले. जमीन कुठंच दिसाले नाही पाहिजे."

‘पुढच्या वीकेंडला’ म्हणता म्हणता त्यांचं परतीचं विमान परवावर आलं! शेवटी ऑफिसातल्या पुण्याच्या शिरीषला गळ घातली. समुद्रकाठी त्याची छोटी मोटरबोट आहे. (तो तिला यॉट म्हणतो. म्हणू द्या.)

"पाण्यावर भूक लागते," आईने जाहीर केलं. (स्वतः आयुष्यात कधी बोटीत बसलेली नाही!) झुणका, पोळ्या, वांग्याची भाजी, दहीभात, चिवडा, अख्खं लग्न जेवलं असतं. धक्क्यावर पोहोचलो, तर डबे ठेवायचे कुठे? शिरीष पेट्रोल आणायला गेलेला. बोटीतल्या बाकाखालच्या कप्प्यात केशरी लाइफ जॅकेटं कोंबली होती. मी ती सगळी काढून गाडीच्या डिकीत टाकली आणि डबे असे चपखल बसवले की बघत राहावं! इंजिनिअर काय उगाच झालो?

निघालो. झाडं गेली, किनारा गेला, पण एका उंच हॉटेलचं टोक काही बुडेना.

"आता, बाबा?"

"ते हाटेल दिसून राहिलं ना बे!"

"बारा मैल झाले, यार," शिरीष म्हणाला. "इंटरनॅशनल वॉटर्स."

"म्हणजे इथे कुणाची हुकमत नाही, बाबा. कायदाच आहे तसा!" (एक व्हिडिओ पाहिला होता. अर्धा.)

हॉटेल आता नखाएवढं उरलं. बाबा बोटीचा कठडा धरून उभे राहिले. आणि तेवढ्यात शेजारी कोस्ट गार्डची बोट येऊन ठेपली!

"सगळं ठीक ना? कुठे निघालात?" त्यांच्या बोटीतून एका तरुण ऑफिसर बाईने हसून विचारलं.

"हाय म्हण, हात हलव. जाईल ती," शिरीष कुजबुजला.

पण शिकलेला माणूस गप्प कसा बसेल? मी उभा राहिलो. "मॅडम, हे आंतरराष्ट्रीय पाणी आहे. इथे तुमचा अधिकार चालत नाही!"

तिचं हसू मावळलं. "बोट कुठे रजिस्टर केलीय?"

"व्हर्जिनियात," शिरीषचा आवाज फाटला.

"मग ही अमेरिकन बोट आहे, सर. कितीही लांब न्या, आम्ही तपासू शकतो." आणि ती चढलीच!

"लाइफ जॅकेट्स?"

शिरीषने ऐटीत कप्पा उघडला. झुणका. त्यामागे दहीभात. शिरीष माझ्याकडे वळला.

"जॅकेट्स कुठे आहेत?"

"गाडीत," मी म्हणालो. गाडी बारा मैल मागे होती.

"पोरगी केव्हाची उन्हात उभी आहे," आई मला म्हणाली. "चिवडा तरी दे की तिले!"

चिवडा तिने हात जोडून नाकारला आणि बोट परत फिरवायला सांगितली.

"पाच मिनिटं, मॅडम!" मी गयावया केली. "माझ्या वडिलांसाठी. फक्त ते हॉटेल बुडेपर्यंत!"

तिने बाबांकडे पाहिलं. "सॉरी, सर. जॅकेटशिवाय पुढे नाही."

त्यांचीच जॅकेटं अंगात घालून आम्ही परतलो, मागे सरकारी बोट. हॉटेल पुन्हा वाढू लागलं. आधी गच्ची, मग खिडक्या, मग खिडकीत वाळत घातलेला टॉवेलसुद्धा. बाबा शांतपणे पोळी खात होते.

"पुढच्या वेळी नक्की, बाबा."

"या गुडघ्यांनी आता कुठचा येतो मी? राहू दे. होतच आलं होतं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता ते नागपुरात सगळ्या वस्तीला सांगतात, "पोरगा एवढा मोठा साहेब आहे, की समुद्रातून घरी सोडाले सरकारी बोट मागून आली!" फोनवर हे ऐकलं आणि खुलासा करायला तोंड उघडलं. मग मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसलो. फक्त समुद्रात गप्प बसायचं होतं, ते किचनमध्ये बसलो!