बिघाड शून्य

लेकीला प्रवेश परीक्षेसाठी लातूरला नेत होतो. लोह्याजवळ गाडी बंद पडली. रस्त्याकडेच्या गॅरेजातला मिस्त्री स्कॅनर छातीशी धरून आला. स्टिअरिंगखालच्या पोर्टात त्यानं वायर खोचली. पडद्यावर आलं, ‘संपर्क नाही.’ त्यानं पिन फुंकली, पुन्हा खोचली. तेच.

“मशीनच बिघडलं का?” मी विचारलं.

तो दुखावला. मोंढ्याच्या बाजारात तूर विकायला निघालेला एक पिकअप त्यानं हात करून थांबवला आणि त्याला स्कॅनर लावला. अकरा बिघाड निघाले.

“बघा, मशीन लई चांगलं हाय!”

पिकअपवाला घाबरून खालीच उतरला.

मग मिस्त्रीनं आमच्या पोर्टाचा जळालेला फ्यूज बदलला. स्कॅनर लागला. बिघाड शून्य! गाडी मात्र सुरू होईना. लेक रडकुंडीला आली.

मिस्त्री शांतपणे तिला म्हणाला, “ताई, तुमी पिकअपमधून जावा. हिच्यात दोषच न्हाई, तर मी दुरुस्त काय करू?”

लेकीनं हात जोडले, तेव्हा पिकअपवाला कसाबसा तयार झाला. वाटभर रेणुकामातेचं नाव घेत त्यानं आम्हाला वेळेत पोचवलं. केंद्रासमोर स्टिअरिंगवरून हात फिरवत तो पुटपुटला, “माजी गाडी सकाळपस्तोर ठणठणीत व्हती हो.”