गाडीच्या नाकात काय निघालं

किस्से गोळा करायचे म्हणून कुणी गॅरेज काढत नाही. पण बावीस वर्षं लोकांच्या गाड्यांचे एसी उघडले की ते आपोआप साठत जातात. एक आठवला की त्याला चिकटून दुसरा निघतो.

माझं गॅरेज तुळजापुरात, सोलापूर रोडला. मी विलास. माझ्यासोबत काम करतात ते बसवण्णा. आमचे अण्णा. उमरग्याकडचे, पार सीमेवरच्या गावचे, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. मराठी आणि कन्नड दोन्ही सारख्याच जोरात बोलतात.

आज सांगतोय ते सगळे किस्से एकाच वस्तूचे. केबिन फिल्टर! गाडीचं नाक म्हणा हवं तर. बाहेरची हवा आत येताना तिच्या वाटेत वहीएवढी एक चौकट बसवलेली असते, आत कागदाच्या घड्या. बदलायला दहा मिनिटं लागतात. पण त्या दहा मिनिटांत मी जे जे बघितलंय ना!

*

आमच्याकडं पहिली इलेक्ट्रिक गाडी आली ती एका हेडमास्तरांची. सर खाली उतरले तेच चिडलेले. मोठ्या सर्व्हिस सेंटरात त्यांना फिल्टर बदलायचे मजुरीसकट अठराशे सांगितले होते.

"इलेक्ट्रिकला फिल्टर कशाला? धूर तर निघत नाही!"

अण्णा म्हणाले, "सर, धूर गाडी सोडत न्हाय. पण श्वास तर तुमीच घेता न्हवं?"

मी म्हणालो, दुसऱ्या कंपनीचा फिल्टर साडेपाचशेला, बसवायचे शंभर. सर तयार झाले. अण्णांनी ग्लोव्हबॉक्स उतरवला, जुना फिल्टर ओढून काढला आणि नव्याच्या शेजारी बॉनेटवर ठेवला. एक पांढराशुभ्र, दुसरा काळ्या रानातल्या ढेकळासारखा. सरांनी दोन्हीवरनं बोट फिरवून बघितलं. मग जुना कागदात गुंडाळून शाळेत घेऊन गेले, आणि त्यांनी तो नोटीस बोर्डावर लावला. खाली लिहिलं, "माझा एक वर्षाचा श्वास."

पुढच्या पंधरा दिवसांत त्या शाळेतले तीन शिक्षक आपापल्या गाड्या घेऊन आले. चौथे आले ते मोटरसायकलवर.

"माझ्या गाडीचा फिल्टर कुठं असतो?"

अण्णा त्यांच्याकडं बघून म्हणाले, "तुमच्या छातीत."

*

नळदुर्गचे एक कापडवाले शेठ. त्यांना फिल्टर दाखवला, किंमत सांगितली. म्हणाले, "राहू द्या. आमच्या घरात चहाची गाळणी वीस वर्षं धुऊन वापरतात."

आणि खरंच घरी नेऊन धुतला! साबणाचा फेस करून, गच्चीवर वाळवून परत बसवला. चार दिवसांनी आले, रुमाल नाकाला लावूनच. एसी लावला की गाडीत ओल्या पोत्याचा वास. अण्णांनी फिल्टर काढला तर घड्या सगळ्या एकमेकींना चिकटलेल्या.

"शेठ, ह्याची भाकरी झालीया."

मग घासाघीस सुरू झाली. मराठीत पाऊण तास चालली. साडेपाचशेचे पाचशे, पाचशेचे साडेचारशे. शेवटी शेठ थकून स्वतःशीच कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले. अण्णांनी कान टवकारले आणि कन्नडमध्येच विचारलं, गाव कुठलं? निघालं अण्णांच्या आजोळाशेजारचं!

"एष्टु री?" शेठनी नव्यानं विचारलं. म्हणजे, किती हो?

"ऐनूरु." पाचशे.

शेठनी साडेचारशे विसरून लगेच पाचशेची नोट काढून दिली. वर अण्णांना नमस्कार केला. पाऊण तास घसा कोरडा केला तो मी!

*

इथल्याच एका पुजाऱ्यांची गाडी. घर मंदिराच्या बाजूला, गाडी बारा महिने त्याच गल्लीत उभी. एसीतनं हवा कमी येते म्हणून घेऊन आले.

अण्णांनी फिल्टर ओढला आणि हातातच धरून थांबले. मी वाकून बघितलं. फिल्टर लाल! घडी न् घडी कुंकवानं भरलेली, मधूनमधून हळदीच्या पिवळ्या रेघा. आणि वास कापराचा. हजारो माणसं त्या गल्लीतनं कपाळ भरून जातात, त्यातलं चिमूट चिमूट उडून ह्या घड्यांत येऊन बसलं होतं.

अण्णा तो फिल्टर कचऱ्याच्या डब्याकडं न्यायला तयार होईनात. पुजारी पुढं आले, उपरणं पसरलं आणि म्हणाले, "इकडं द्या." अलगद गुंडाळून घेतला, घरी तुळशीच्या बुडाशी ठेवणार म्हणाले.

निघताना पैसे द्यायला लागले आणि मधेच थांबले.

"विलासराव, नव्याचे साडेपाचशे समजलं. जुन्याचे किती द्यायचे?"

त्या दिवसापासून अण्णा त्या गाडीचा ग्लोव्हबॉक्स उघडायच्या आधी चपला काढतात.

*

एक माझ्यावरचा पण सांगतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचंच सांगतोय.

एकदा दुपारी काम नव्हतं. अण्णा म्हणाले, "विलास, लोकाला शानपन शिकवतोस. तुज्या गाडीचा कवा बदललास?"

माझी जुनी पेट्रोल गाडी. आठवेना. अण्णांनी ग्लोव्हबॉक्स काढला, खाचेत हात घातला, आणि हात रिकामाच बाहेर आला. स्वस्तातलं मॉडेल होतं, त्यात कंपनीनं फिल्टर बसवलेलाच नव्हता! नऊ वर्षं!

घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तरीच तुम्ही रात्रभर घोरता."

*

येडशीच्या एक डॉक्टरीणबाई आहेत. राहायला इथंच, रोज तिथल्या सरकारी दवाखान्यात जाऊन बाळंतपणं करतात. आजूबाजूच्या गावांतली अर्धी पोरं त्यांच्याच हातावर जन्मली असतील. त्यांच्या इलेक्ट्रिक गाडीचा ब्लोअर खरखर करायला लागला.

ग्लोव्हबॉक्स उतरवला. टॉर्च मारून बघितलं तर फिल्टरवर घरटं. उंदराचं. पण काय घरटं! सीटचा कापूस, लग्नपत्रिकेचे सोनेरी तुकडे आणि मोराच्या पिसांचे हिरवेनिळे धागे. येडशीजवळच्या रामलिंगाच्या जंगलाकडून आणले असणार. सगळं गोल विणलेलं. आणि मधोमध शेंगदाण्याएवढी सहा पिल्लं. गुलाबी. डोळे मिटलेले.

मी चिमटा आणायला वळलो. बाई म्हणाल्या, "काय करताय?"

"काढतो की, मॅडम. वायर कुरतडली तर लाखाचं नुकसान. फिल्टरचं साडेपाचशेत भागतंय."

बाईंनी वाकून आत बघितलं. आई उंदीर कोपऱ्यात बसून आमच्याकडं बघत होती, पळाली नव्हती.

"किती दिवसांची असतील, अण्णा?"

"दोन-तीन दिसाची, बाई."

बाई सरळ उभ्या राहिल्या. "लावून टाका ते झाकण. मी एसटीनं जाईन."

"मॅडम, पंधरा-वीस दिवस लागतील!"

"लागू द्या. बाळंतिणीला मी उठवत नसते."

आणि खरंच एकोणीस दिवस त्या बाई एसटीनं येडशीला गेल्या! गाडी आमच्या शेडमध्ये. अण्णा रोज सकाळी ग्लोव्हबॉक्सला कान लावायचे. विसाव्या दिवशी घरटं रिकामं. वायर एकही कुरतडलेली नव्हती. नवा फिल्टर घातला, बाईंनी पर्स उघडली, तर अण्णांनी हात जोडले.

"बाई, तुमी बाळंतपनाचं कुणाकडनं घेत न्हाय. मग मी कसं घ्यू?"

*

हा शेवटचा. गेल्या सोयाबीनच्या सुगीतला.

माकणीहून दत्ताचा फोन आला. दत्ता शेतकरी, गडी सरळ. म्हणाला, "विलासभाऊ, फिल्टर घेऊन शेतावर येता का? गाडी हलवता येत न्हाय."

"बंद पडली?"

"न्हाय, चालू हाय. सकाळपास्नं चालू हाय."

मला कळेना. त्यानं महिन्यापूर्वीच फिल्टर बदलून नेला होता. मी आणि अण्णा निघालो. शेतात पोचलो तर मळणी यंत्र धडाडत होतं, भुसकटाची भिंत उभी राहिलेली, दहा पावलांवरचा माणूस दिसेना. आणि त्या धुळीत, चिंचेखाली, दत्ताची इलेक्ट्रिक गाडी. काचा बंद.

आत चार म्हातारी माणसं.

दत्ता तोंडावरचा रुमाल खाली ओढून म्हणाला, "दादाला, म्हंजी माज्या बापाला, दमा हाय. दरसाली मळणी आली की म्या त्याला तुळजापूरला बहिणीकडं धाडायचो. जन्मभर ह्या रानात राबला मानूस, आन् आपलं पीक घरात येताना बघाया मिळंना म्हनून रडायचा. मग ही गाडी घेतली. इंजिन न्हाय, धूर न्हाय. दिसभर एसी लावला तरी बॅटरी पाव भागच उतरती."

"आणि बाकीचे तिघं?"

"पह्यल्या दिशी दादा एकटाच बसला. दुसऱ्या दिशी म्हनला, गंगूला बोलव, तिलाबी लई खोकला हाय. मग आनखी दोघं. आता मळणी कुनाच्या बी रानात असू द्या, गाडी तिथं न्यावी लागती."

ह्या महिन्याभरात गाडी गावाच्या शिवाराबाहेर गेली नव्हती.

फिल्टर बदलायचा तर दार उघडावं लागणार. दत्तानं हात वर केला, यंत्र थांबलं. मजूर होते तिथं बसले. सगळं रान एकदम गप्प झालं. आम्ही धूळ खाली बसायची वाट बघितली. पुढं बसलेल्या गंगूआजींना मागं सरकवलं आणि अण्णांनी फिल्टर काढला. घड्या दिसतच नव्हत्या, भुसकटाची वीट झाली होती. अण्णांनी ती दोन्ही हातांत धरली. मी नवा बसवला.

यंत्र परत धडाडलं. मी दार धरून तसाच आत बघत उभा राहिलो.

"आरं बाबा, दार लाव की!" गंगूआजी ओरडल्या. "धूळ आत येती!"

दार लावलं. काचेतनं दिसत होतं, दादांनी डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि सावकाश सोडला. खोकला आला नाही. मग डोळे उघडून त्यांनी समोर वाढत चाललेली सोयाबीनची रास बघितली. बोटभर काच खाली आली.

"कितीला हाय रं हे?"

"साडेपाचशे, दादा."

दादांनी एकदा गाडीतल्या तिघांकडं बघितलं.

"येवढ्यालाच?"

आणि काच वर गेली.