सगळ्या कपाटांच्या किल्ल्या

मुलुंडला आमच्या इमारतीच्या जिन्याखाली मी वाचनालय चालवत असे. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर सुरू केलं होतं. पुस्तकं सगळी घाटकोपर-भांडुपच्या रद्दीवाल्यांकडून, किलोच्या भावाने, घासाघीस करून आणलेली. चांगलं चालू असताना आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने सभेत ठराव मांडला की जिन्याखालची जागा मोकळी करावी. कारण काय, तर मी पुस्तकं परत न करणाऱ्यांच्या दारात उभी राहून ओरडते. ओरडत होतेच. वेळेवर पुस्तक दिलं असतं तर मला काय हौस होती? पण हात वर झाले, ठराव पास झाला आणि माझं वाचनालय खोक्यांत भरून पलंगाखाली गेलं. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

रिकामं बसणं माझ्या स्वभावात नाही. घरात मी इतकी चिडचिड करू लागले की नवराच म्हणाला, काहीतरी बघ बाई, नाहीतर मी गावी जातो. अशात कळलं, जवळच्या मराठी शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल हवा आहे. मला ती नोकरी हवीच होती. पुन्हा पुस्तकांत बसायची दुसरी कुठलीच जागा मला दिसत नव्हती.

मुलाखतीला गेले तर बाकावर आणखी एक मुलगी. ग्रंथालयाचा कोर्स केलेली, प्रमाणपत्र प्लास्टिकच्या फाइलमध्ये. तिला आधी बोलावलं. बाहेर आली ती हसतच. म्हटलं, झालं, आपली वाट लागली.

आत मुख्याध्यापिका बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी, शाळेच्या समितीचा सभासद म्हणून, आमचा तोच सेक्रेटरी. मला बघून त्याने समोरचं पाणी पिऊन टाकलं. मी त्याला ओळख दाखवली नाही.

मुख्याध्यापिकांनी विचारलं, कोर्स केलाय का? म्हटलं, नाही. मग त्यांनी भिंतीकडची कपाटं दाखवली. काचेची दारं, प्रत्येकाला कुलूप, किल्ल्या हेडक्लार्ककडे. वाचनाच्या तासाला शिपाई पुस्तकांचा गठ्ठा वर्गात नेणार, वर्गशिक्षक ती हजेरीच्या क्रमाने वाटणार. ज्याच्या वाट्याला जे येईल ते त्याने वाचायचं आणि तास संपला की परत द्यायचं. पुस्तक हरवलं तर ग्रंथपालाच्या पगारातून कापायचं, असा नियम. आधीच्या बाई त्या भीतीने कपाटाला हातच लावत नसत.

हे ऐकून मी मुलाखत द्यायला आलेय हे विसरले. म्हटलं, "बाई, भाजीवालीसुद्धा वांगी निवडू देते हो. आणि तुम्ही पोरांना हजेरीने पुस्तकं वाटता?"

त्या जराशा तुटकपणे म्हणाल्या की निवडायला सोडलं तर पुस्तकं जातात. मी म्हटलं, जाणार नाहीत, पण माझ्या दोन अटी आहेत. सगळ्या किल्ल्या माझ्याकडे आणि पगाराला हात लावायचा नाही. त्या एका कपाटाची किल्ली द्यायला तयार झाल्या. मी म्हटलं, सगळ्या. त्या म्हणाल्या, मग नुकसानही तुमचं. मी म्हटलं, वाचून फाटलं तर ते शाळेचं, हरवलं तर मी शोधून आणते. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

तेव्हा मी रद्दीवाल्याकडे करते तेच केलं. उठले, पिशवी उचलली आणि नमस्कार करून दाराकडे निघाले. रद्दीवाला फार लांब जाऊ देत नाही, हाक मारतोच. इथे कोणी हाक मारेना. दाराच्या पडद्याला हात लागला तरी मागे चिडीचूप. मनात म्हटलं, गाढवे, ही शाळा आहे, रद्दीचं दुकान नव्हे. आता मागे वळायचं तरी कसं?

एवढ्यात सेक्रेटरी खाकरला. मुख्याध्यापिकांना म्हणाला, "पुस्तकांची काळजी करू नका, बाई. ह्यांचं एक पुस्तक माझ्याकडे राहिलं होतं. मी मेहुणीच्या लग्नाला सांताक्रूझला गेलो, तर ह्या तिथे हजर."

"लग्नात?"

"भर मांडवात."

मी वळले. "हळदीला गेले होते. लग्नाच्या दिवशी जाऊ नये, एवढं मला कळतं."

"मग? मिळालं पुस्तक?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"घेऊनच गेल्या," तो म्हणाला. "जेवूनही गेल्या."

मुख्याध्यापिका आधी ओठ दाबून बसल्या, मग पदर तोंडाला लावला आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मला म्हणाल्या, बसा. कोर्सवाल्या मुलीने किल्ल्यांचा विषयच काढला नव्हता, हे मला मागाहून कळलं. पुढे तिला पवईला पूर्णवेळ नोकरी लागली, तेव्हा तिचं काही बिघडलं नाही.

सौदा असा ठरला की किल्ल्या सगळ्या माझ्याकडे आणि वर्षभर पगार कापायचा नाही, मग बघू. त्यांचीही एक अट होती, शाळेत आवाज चढवायचा नाही.

"आणि पोरांच्या घरी जाऊन?" मी विचारलं.

"ते तुमचं तुम्ही बघा."

निघताना सेक्रेटरी जिन्यात गाठून म्हणाला, आता तरी राग सोडा. मी त्याचे आभार मानले. राग सोडण्याबद्दल काही बोलले नाही.

पहिल्याच तासाला पाचवीचा वर्ग कपाटांपाशी बोलावला. सगळी दारं सताड उघडली आणि म्हटलं, घ्या, हवं ते. कोणी हलेना. मग कुजबुज झाली, ढकलाढकली झाली आणि ती सगळी पोरं शहाण्यासारखी हजेरीच्या क्रमाने ओळीत उभी राहिली. पहिल्या मुलीने माझ्यापुढे दोन्ही हात पसरले, प्रसादाला पसरतात तसे.

मी दोनदा हळू आवाजात सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा मात्र अशी ओरडले की शेजारच्या वर्गातली कविता थांबली. "ओळ मोडा म्हणते ना! दिसेल ते पुस्तक ओढा!"

मुख्याध्यापिका व्हरांड्यातून धावत आल्या. तोवर पोरं कपाटांत डोकी घालून भांडत होती. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पोरांकडे आणि शेजारच्या वर्गाचं दार बाहेरून लावून घेतलं.