व्हीआयपी संडासाची किल्ली

आमच्या सासूबाई नाट्यगृहात सफाईला होत्या, पण तोरा असा की नाटक यांच्यामुळेच चालतं. कारण व्हीआयपी संडासाची किल्ली त्यांच्या कमरेला. बाकीच्या संडासांना धड कडी लागायची नाही आणि या एकाला कुलूप, आरसा, गुलाबी साबण. येणार कोण, तर वर्षाकाठी चार पाहुणे. तेही आपल्यासारखेच बसतात, हे सासूबाईंना कोण सांगणार?

मी एकदा विचारलंच, "आई, व्हीआयपी म्हणजे नेमकं काय हो?"

"ज्याच्यासाठी बाकीचे थांबतात तो," त्या म्हणाल्या. "तू नाहीस."

मला तेव्हा आठवा महिना होता. एके दिवशी त्यांचा डबा घरी राहिला, तो द्यायला मी नाट्यगृहात गेले आणि नेमकी मध्यंतरात सापडले. बायकांची रांग पार जिन्यापर्यंत. मला अशी लागली होती की डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई त्यांच्या कुलपापाशी ताठ उभ्या. भलत्या कुणाला उघडून दिलंत तर किल्ली काढून घेईन आणि मागच्या अंगणात झाडायला पाठवीन, असं मॅनेजरनं त्यांना बजावलं होतं.

"आई, आता धरवत नाही."

"रांगेत जा. प्रमुख पाहुणे येतायत."

मी मनातल्या मनात त्यांचा आणि पाहुण्यांचा उद्धार केला. तेवढ्यात कळ आली आणि मी भिंतीला टेकले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, कुलूप काढलं आणि मला आत ढकललं.

बाहेर मॅनेजरचा आवाज आला. "मावशी, साहेब आलेत. आत कोण आहे?"

"व्हीआयपी आहेत."

"कोण व्हीआयपी?"

"थांबा जरा. त्यांना घाई नका करू."

खरं सांगते, मी सावकाश उरकलं. गुलाबी साबणानं दोनदा हात धुतले. पोट सावरत बाहेर आले तर पाहुणे या पायावरून त्या पायावर होत होते. ते बिचारे तसेच आत घुसले. मॅनेजरनं मात्र हात पुढे केला आणि सासूबाईंनी कमरेची किल्ली सोडून दिली.

घरी आल्यावर त्या दारातल्या पायरीवर बसून रडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "आई, माझ्यामुळे गेली हो तुमची किल्ली."

"खड्ड्यात गेली किल्ली," त्या नाक पुसत म्हणाल्या. "तुझं नीट झालं ना?"