मास्तरांसाठी बांधलेला सांगाडा

मास्तरांच्या हातात काहीही दिलं की ते आधी वाकवून बघत. फूटपट्टी, छत्रीची काडी, एकदा तर माझा चष्मा. दोन्ही अंगठे मधोमध टेकवायचे, हळूच दाब द्यायचा आणि म्हणायचं, "वाकत नाही? मग मोडणार." चष्मा मोडला. "सांगितलं होतं ना," एवढंच म्हणाले.

नारायणगुड्याच्या शाळेतून निवृत्त झालेले हे चित्रकलेचे मास्तर बरकतपुऱ्यात आमच्या समोरच्या घरात राहत. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याचं म्हणणं खरं ठरतं म्हणूनच जो आवडत नाही. संक्रांतीला त्यांची गच्ची म्हणजे किल्ला. पतंग कापला की हैदराबादेत "अफा!" म्हणून ओरडतात. मास्तरांचं 'अफा' काचीगुडा स्टेशनपर्यंत ऐकू जात असावं.

मी हिशेब तपासणारा माणूस. पतंग मला कधी जमला नाही. पन्नाशीत नाद लागला तो घरच्या घरी चार पंख्यांचं ड्रोन बनवायचा. पहिला सांगाडा ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळीचा, अधिकच्या चिन्हासारखा. मजबूत, पण जड. अडीचशे ग्रॅमच्या वर गेलं की परवान्याची भानगड, म्हणून बॅटरी लहान बसवली. मग ते म्हशीसारखं चालायला लागलं. संक्रांतीला माझ्याच गच्चीवर ते उडवलं. मास्तरांनी पतंग असा काही झुकवला की मांजा थेट पंख्यात. एक खेच दिली. यंत्र फरशीवर, नळी काटकोनात. "अफा!" आणि माझी बायको, माझी स्वतःची बायको, हसली.

त्याच क्षणी ठरवलं. पुढच्या संक्रांतीला याच माणसासमोर उडवायचं आणि याच्या मांज्याने ते पडता कामा नये.

वर्षभर मी दुसरं काही वाचलं नाही. प्लायवूड स्वस्त, थरथर पिऊन टाकतं, पण मोटरच्या स्क्रूपाशी चिरतं. कार्बन फायबर हलकं आणि ताठ, पण अँटेना त्याच्या दोन पट्ट्यांत दबली की सिग्नल जातो. शेवटी कार्बन फायबरच घेतलं, अँटेना बाहेर काढली आणि रचना फुलीची ठरवली. खरा प्रश्न होता तो मांज्याचा. प्रत्येक पंख्याभोवती कडं हवं होतं. प्लास्टिकच्या कड्यांनी वजन मर्यादेबाहेर गेलं. कागदावर एकच उत्तर उरलं, बांबू. आणि आमच्या भागात बांबू कळणारा माणूस एकच.

सुडाच्या आड स्वाभिमान येऊ द्यायचा नाही, असं म्हणून मी मास्तरांचा जिना चढलो.

"या ऑडिटर. आज काय आणलंत मोडायला?"

"बांबूची कडी करायचीत. तळहाताएवढी."

"कशाला?"

खोटं बोलणं मला जमत नाही. "तुमचा मांजा अडवायला."

मास्तरांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "हौ? मग हा ओला बांबू कायकू आणला? सुकला की ढिला पडेल. बसा."

त्यांनी स्वतःच्या पतंगांसाठी राखलेली कांब काढली. चाकूने तासली, मेणबत्तीवर शेकत शेकत गोल केली. "साल बाहेरून ठेवा. सालीवरून मांजा सरकतो, गाभ्यात रुततो." स्वतःचं वर्म हा माणूस मला हसत सांगत होता, आणि मला त्याचाच राग येत होता. माझा सूडसुद्धा माझ्यापेक्षा त्यांना चांगला येत होता.

रोज संध्याकाळी बायको गच्चीवरून विचारायची, "शत्रूच्या घरी चहा झाला का?"

संक्रांतीला फुली हवेत चढली. वजन मर्यादेच्या आत, बॅटरी मोठी. मास्तरांचा काळा पतंग झडप घालून आला. मांजा कड्यावर आदळला आणि सरकला. पुन्हा आला, पुन्हा सरकला. गल्लीतल्या सगळ्या गच्च्या आमच्याकडे बघायला लागल्या. मग मांजा कड्याच्या सांध्यात अडकला. आता एक खेच, आणि माझं वर्ष फरशीवर. ती खेच मी जन्मभर पाहिली होती.

मास्तरांनी ढील दिली.

मी ड्रोन मागे घेतलं. सैल मांजा पाण्याच्या टाकीच्या कडेवर घासला आणि तुटला. काळा पतंग डुलत डुलत गेला. मी घसा फाटेपर्यंत ओरडलो, "अफा!"

समोरून उत्तर आलं, "बांबू कुणाचा, ते पण सांगा ऑडिटर!"

गल्ली हसली. मी जिंकलो होतो, आणि माझ्या हातात काही नव्हतं.

खाली उतरून मी मास्तरांना गल्लीत गाठलं आणि तावातावाने विचारलं, "ढील का दिलीत?"

"बोटं आखडतात हो थंडीत," म्हणाले.

हात मात्र पाठीमागे. मी विश्वास ठेवला नाही, अजून ठेवत नाही. भीक म्हणून मिळालेला सूड मला नको होता. पुढच्या वर्षी नीट हिशेब करू, असं त्यांना तोंडावर सांगितलं. "या की," म्हणाले.

दिवाळीच्या आधीच ते गेले. माझा हिशेब पुरा न करता गेले, हे मी त्यांना माफ केलेलं नाही.

या संक्रांतीला त्यांच्या गच्चीवर नव्या भाडेकरूंच्या चादरी वाळत होत्या. मी ड्रोन वर नेलं आणि मधल्या मोकळ्या हवेत स्थिर धरलं. आजूबाजूचे पतंग त्याला टाळून जात होते. बॅटरी संपत आल्याची शिटी वाजू लागली, तरी मी ते खाली आणलं नाही. कुणीतरी खेचावं म्हणून वाट बघत राहिलो.